अप्रिय सरकार आणि आपले कर्तव्य
(अकोला येथील विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंधरवड्यात मी अमरावतीहून इकडे येत असता मूर्तिजापूर स्टेशनावर चार तरुण डब्यात चढले. अकोला येईपर्यंत त्यांनी सरकारचा आणि सरकारच्या पुढाऱ्याचा असा काही उद्धार चालविला की शेजारच्या बायाबापड्यांची करमणूक झाली. ते कोणत्या सरकारविषयी बोलत होते हे मी सांगत नाही. सांगण्याची आवश्यकताही नाही, कारण असे बोलणे मी आयुष्यात अनेक सरकारांविषयी ऐकले आहे. मी त्यांना विचारले, "बाबांनो, या सरकारकडे तुमचे मागणे काय आहे?" चौघे गप्प झाले. एकजण म्हणाला, "मागणे काही नाही, तो गेला पाहिजे." मी म्हटले, "तो गेल्यावर कोण यावा?" तो म्हणाला, "कोणीही चालेल." हे 'कोणीही चालेल' माझ्या मनातून जात नाही. आजचे माझे भाषण त्याविषयीच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राज्यकर्त्यावर रागावणे हे पाप नव्हे. राजा हा देवाचा अंश आहे, ही शिकवण आपली नाही. अग्गञ्ञ सुत्तात भगवान बुद्धांनी राज्यसंस्थेची उत्पत्ती सांगितली आहे ती अशी, की लोकांत चोरी आणि भांडणे वाढली तेव्हा त्यांनी एकत्र येऊन आपल्यातूनच एक मनुष्य निवडला. ज्याच्यावर रागवावयास पाहिजे त्याच्यावर त्याने रागवावे, ज्याला दोष द्यावयास पाहिजे त्याला दोष द्यावा, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला आपल्या भातातील वाटा द्यावा. तो महासम्मत, म्हणजे बहुजनांनी संमत केलेला. सारांश, राज्यकर्ता हा भाताच्या वाट्यावर ठेवलेला माणूस आहे. तो ठरलेले काम करीत नसेल तर मालकाने त्याला जाब विचारणे हा मालकाचा अधिकार आहे.

परंतु जाब विचारणे वेगळे आणि केवळ त्याच्या नावाने बोटे मोडणे वेगळे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राष्ट्राला इशारा दिला होता की धर्मात भक्ती ही मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती ही अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. हा इशारा आपण पुष्कळदा उच्चारतो. मला त्यात एवढेच जोडावयाचे आहे की द्वेष हीही एक भक्तीच आहे. भक्ताला वाटते की सर्व चांगले त्या एका माणसामुळे झाले; द्वेष्ट्याला वाटते की सर्व वाईट त्या एका माणसामुळे झाले. दोघांचीही दृष्टी त्या माणसापलीकडे जात नाही. मग तो माणूस गेला की द्वेष्ट्याचा राग शांत होतो, आणि त्याचे पोट मात्र होते तसेच रिकामे राहते.

आणि लोकप्रियता हे तरी योग्यतेचे माप आहे काय? १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५४ साली आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही झाला. मतदारांनी संविधानाच्या शिल्पकाराला नाकारले, म्हणून काय तो लहान झाला? त्याच १९५२ साली मोरारजी देसाई मुंबई राज्याच्या विधानसभेच्या निवडणुकीत अवघ्या १९ मतांनी हरले, आणि हरूनही मुख्यमंत्री झाले. पुढे पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले हे खरे. पण लोकांनी नाकारलेला मनुष्य पक्षाने लोकांच्या डोक्यावर बसविला ही गोष्ट मुंबईकर विसरले नाहीत.

मोरारजींचे नाव आले आहे तर त्यांच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण अप्रिय पुढारी कसा असतो हे महाराष्ट्राने त्यांच्या रूपाने पाहिले. नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या जनतेवर त्यांच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या लढ्यात १०५ हून अधिक माणसे मेली. फ्लोरा फाउंटनच्या जागेला आज हुतात्मा चौक म्हणतात तो त्यामुळे. जनतेच्या मनात मोरारजी हे नाव शिवीसारखे झाले. पण लक्षात घ्या, त्या रागापाठीमागे एक स्पष्ट मागणी होती: मुंबईसह मराठी भाषिकांचे राज्य. म्हणून नोव्हेंबर १९५६ मध्ये मोरारजी केंद्रात मंत्री होऊन मुंबईतून गेले तरी चळवळ विझली नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही समितीत होते. दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले. आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळाले.

आता आपल्या वऱ्हाडाचे सांगतो, कारण येथे चित्र अगदी निराळे होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि अकोला हे जिल्हे मुंबई राज्यात नव्हतेच. आपली राजधानी नागपूर होती. मोरारजींच्या पोलिसांची गोळी येथे कोणाला लागली नव्हती. उलट, मुंबई-पुण्याच्या लोकांसोबत गेल्यास वऱ्हाडचा कापूस त्यांचा आणि वऱ्हाडचे दारिद्र्य आपले, अशी भीती येथे पुष्कळांना होती. म्हणूनच तर १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार करावा लागला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले होते. बाबासाहेबांनीही त्याच वर्षी महाराष्ट्राचे चार भाग करावेत असे लिहिले होते. त्यामुळे १९५७ साली मुंबईत ज्या सरकारचे नाव घेणे कठीण झाले होते, ते सरकार विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या मतांवर तरले. एकाच राज्यात एका टोकाला सरकारविषयी संताप आणि दुसऱ्या टोकाला त्याच सरकारला मत! जनता ही एकजिनसी वस्तू नाही, हे जनतेच्या नावाने बोलणाऱ्यांनी विसरू नये.

यापुढची गोष्ट अधिक विचित्र आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी आली, विरोधी पुढारी तुरुंगात गेले, उत्तर भारतात नसबंदीच्या सक्तीने खेडीच्या खेडी हवालदिल झाली. आपल्या विधिमंडळानेसुद्धा १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. मार्च १९७७ च्या निवडणुकीत खुद्द इंदिराजी रायबरेलीहून पडल्या. अमरावती आणि अकोला येथून मात्र तेव्हाही काँग्रेसचेच उमेदवार निवडून आले. आणि देशाच्या या संतापाने पंतप्रधानाच्या आसनावर कोणाला बसविले? त्याच मोरारजी देसाईंना, ज्यांच्या नावाने मुंबईने वीस वर्षांपूर्वी शंख केला होता. रागाला स्मरणशक्ती नसते हे मी म्हणतो ते यावरून. १९७९ मध्ये ते सरकार कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच जनतेने इंदिराजींना पुन्हा बोलावून आणले.

मग १९७७ चा तो सगळा राग फुकट गेला काय? नाही. त्याचा जेवढा भाग कायद्यात उतरला तेवढा उरला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कलमातील 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याखेरीज आणीबाणी लावता येणार नाही असे ठरले. आणि कलम २१ मधील जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. हे काम मोरारजींच्याच सरकारच्या काळात झाले. ज्यांच्या कारकीर्दीत मुंबईत गोळ्या सुटल्या त्यांच्याच कारकीर्दीत जीविताचा हक्क पक्का झाला. माणसापेक्षा कलम महत्त्वाचे ते असे.

आता माझ्या घरातील गोष्ट सांगितल्यास आपण क्षमा कराल. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. ३ लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेल्याचे सांगितले जाते. बाया कडेवर मूल घेऊन गेल्या. माझे वडील मूर्तिजापूर तालुक्यातील मजूर. ते आणि माझी माय दोघेही टोळीबरोबर कचेरीवर गेले. मी शाळकरी होतो. जाण्यापूर्वी वडिलांनी मला एक हस्तपत्रक दिले आणि त्यातील दहाही मागण्या माझ्या वहीत उतरवून घ्यावयास लावल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करा, धान्याचे भाव आवरा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या. वडील सुटून आले तेव्हा माझे काका ओसरीवर बसून मंत्र्यांच्या सात पिढ्या काढीत होते. वडील त्यांना म्हणाले, "शिव्यानं वावर भेटत नाही बाबू. कागद पाह्यजे."

कोणी म्हणेल की संवैधानिक मार्ग खुला असताना सत्याग्रहाचा मार्ग सोडा, असे बाबासाहेबांनी त्याच १९४९ च्या भाषणात सांगितले होते. हा आक्षेप आपल्याच पक्षात घेतला गेला, त्यावरून फूटही पडली, आणि तो हलका आक्षेप नव्हता. माझे मत असे आहे की ज्यांनी सरकारचाच कायदा सरकारने पाळावा म्हणून अटक करून घेतली, ज्यांनी दगड उचलला नाही की कचेरी जाळली नाही, त्यांना अराजकाच्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. तथापि जे आज एका बसगाडीची काच फोडून त्या सत्याग्रहाचे वारस म्हणवितात, त्यांच्याविषयी मी हे म्हणणार नाही.

बौद्धांच्या सवलतीचे काय झाले ते आपल्या कुटुंबांनी विशेष जाणून घ्यावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण धम्म स्वीकारला आणि १९५० च्या आदेशातील एका परिच्छेदामुळे केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार बंदच राहिले. १९७२ साली मी केंद्राच्या एका खात्यात अर्ज केला. तेथील कारकून भला मनुष्य होता. म्हणाला, "गुरुजी, बौद्ध लिहाल तर राखीव जागा नाही. जुनी जात लिहा, धर्म हिंदू लिहा, काम होईल." माझ्या सोबतच्या मित्राने तसे लिहिले. त्याला नोकरी लागली. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी सहा तोंडे होती. मी घरी येऊन वडिलांना विचारले. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही, फक्त भिंतीवरील तसबिरीकडे पाहिले. मी 'बौद्ध' लिहिले आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो.

ते दार १९९० साली उघडले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातींत सामावून घेतले. त्याच वर्षी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. १९६४ च्या मागण्यांतील या दोन मागण्या पुऱ्या व्हावयास २६ वर्षे गेली. मध्यंतरी शास्त्रीजी गेले, इंदिराजी आल्या, मोरारजी आले, चरणसिंह आले, इंदिराजी पुन्हा आल्या, राजीव गांधी आले. यांतील काही अतिशय लोकप्रिय होते, काही अतिशय अप्रिय. आपल्या मागणीच्या दृष्टीने लोकप्रियांनीही दिले नाही आणि अप्रियांनीही दिले नाही. जे दिले ते बाहेरच्या टेकूवर उभ्या असलेल्या, वर्षभरही न टिकलेल्या सरकारने दिले. दादासाहेब १९७१ च्या डिसेंबरात गेले होते. माझे वडीलही नव्हते. मी ती जुनी वही काढून दोन ओळींपुढे खूण केली.

जमिनीच्या ओळीपुढे मात्र मी अद्याप पुरती खूण केलेली नाही. वऱ्हाडात ज्याला आपण ई-वर्ग म्हणतो त्या जमिनीवर आपल्या पुष्कळ कुटुंबांनी नांगर धरला. १९७८ आणि १९९१ साली राज्य शासनाने भूमिहीनांची जुनी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे निर्णय काढले. परंतु निर्णय निघणे आणि तो तलाठ्याच्या दप्तरात उतरणे यांत फार अंतर असते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. शासनाच्या निर्णयानुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल तर अपवादाला जागा ठेवली. ज्याच्याजवळ दंडाच्या जुन्या पावत्या, पीकपेऱ्याची नोंद, पट्टा असे काही आहे तो तहसीलदारापुढे उभा राहू शकतो. ज्याच्याजवळ केवळ सरकारवरील राग आहे त्याचे म्हणणे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

रेल्वेतल्या त्या तरुणांपैकी एकाला मी हेच विचारले होते. त्याच्या आजोबांनी चाळीस वर्षे वाहिलेले ई-वर्गाचे तीन एकर वावर होते आणि त्याची एकही पावती त्याने कधी पाहिली नव्हती. तो आज येथे आला आहे व आजीच्या पेटीतून काही कागद घेऊन आला आहे. सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांच्या गावी अशी प्रकरणे पडून आहेत त्यांनी सातबाराची नक्कल आणि जे कागद असतील ते घेऊन थांबावे. ज्यांनी आणले नसतील त्यांनी गट क्रमांक तरी सांगावा. वही मी बरोबर आणली आहे. जय भीम.