ॲल्युमिनियमच्या भट्टीतले वायू

एक टन ॲल्युमिनियम तयार करायला साधारण १४ हजार युनिट वीज लागते. महिन्याला १०० युनिट वापरणारं घर तेवढ्या विजेवर साडेअकरा वर्षं चालेल. ही वीज कोळशाची असेल, तर नुसत्या विजेपायी टनामागे जवळपास १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगात वर्षाला सुमारे ७ कोटी टन नवं ॲल्युमिनियम तयार होतं, आणि माणसाच्या हातून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंमध्ये सुमारे २ टक्के वाटा या एकट्या धातूचा आहे. उत्पादनात चीनच्या पाठोपाठ आपला देश आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

जिथे हा धातू जन्माला येतो त्या शेडला पॉटरूम म्हणतात. नव्या कारखान्यांत ती किलोमीटरभर लांब असते. आत जाण्याआधी घड्याळ, बँकेचं कार्ड बाहेर काढून ठेवायला लावतात, कारण तिथे लाखो अँपिअरचा प्रवाह खेळत असतो आणि त्याच्या चुंबकीय ओढीनं खिशातल्या किल्ल्यासुद्धा हलतात. पॉट म्हणजे आतून कार्बनचं अस्तर लावलेली पोलादी टाकी. तिच्यात क्रायोलाइट नावाचा क्षार साडेनऊशे अंशांच्या वर वितळलेला असतो आणि त्यात ॲल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी पूड, विरघळत असते. वरून कार्बनचे मोठाले ठोकळे बुडवलेले असतात, ते ॲनोड. वीज ॲल्युमिनाची फोड करते. धातू तळाशी साठतो आणि सुटलेला ऑक्सिजन ॲनोडच्या कार्बनला धरून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. टनामागे चारशे किलोंहून जास्त कार्बन असा झिजतो, आणि दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड इथेच तयार होतो. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ साली एकमेकांच्या नकळत ही कृती शोधली. दोघंही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. तीच कृती आजही जगभर चालते.

याच पॉटमध्ये आणखी एक गोष्ट घडते, तिला ॲनोड इफेक्ट म्हणतात. पॉटमध्ये ॲल्युमिना कमी पडलं, की ॲनोडच्या खाली वायूचा थर धरतो आणि एरवी चार-साडेचार व्होल्टवर चालणारा पॉट एकदम तीस व्होल्टच्या पुढे उडी मारतो. जुन्या पॉटरूममध्ये प्रत्येक पॉटला एक दिवा जोडलेला असे. दिवा पेटला की कामगार ओल्या लाकडाचा वासा घेऊन धावायचे आणि तो वितळलेल्या क्षारात खुपसायचे. लाकडातल्या ओलाव्याची वाफ होऊन पॉट खळखळून ढवळला जाई आणि वायूचा थर फुटे. त्या उष्णतेत, त्या अंतरावर उभं राहून हे काम करणारी माणसं मला फार मोठी वाटतात. दिवा पेटलेला असतो त्या मिनिटांत क्रायोलाइटमधला फ्लोरिन आणि ॲनोडमधला कार्बन यांचा संयोग होऊन परफ्लुरोकार्बन नावाचे वायू तयार होतात. त्यांपैकी कार्बन टेट्राफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साडेसहा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो, आणि एकदा हवेत गेला की सुमारे पन्नास हजार वर्षं तिथेच राहतो. शिवाजी महाराजांच्या काळात तो सुटला असता, तर आजही जवळजवळ सगळाच्या सगळा वर असता.

हा वायू कमी करायला कुठलाही नवा वैज्ञानिक शोध लागला नाही. आधी काही तासांनी एकदम भरपूर ॲल्युमिना ओतत असत, त्याऐवजी दर मिनिटा-दोन मिनिटांनी थोडं थोडं सोडणारे फीडर बसवले. संगणक प्रत्येक पॉटच्या व्होल्टेजवर नजर ठेवू लागला. दिवा पेटण्याआधीच पॉटची भूक ओळखता येऊ लागली. अमेरिकेत १९९५ साली सरकार आणि कारखानदार यांनी मिळून स्वेच्छेनं हे काम अंगावर घेतलं, १९९७ च्या क्योटो करारातही हे वायू आले. १९९० च्या मानानं टनामागचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली आलं आहे. मुख्य म्हणजे ॲनोड इफेक्टमध्ये वीज वाया जाते, पॉट बिघडतो, म्हणून तो टाळण्यात कारखान्याचाही फायदा होता.

कोळशाच्या विजेच्या बाबतीत असा सोपा फायदा दिसत नाही, म्हणून तिथे गाडं अडलं आहे. भारतातलं पहिलं ॲल्युमिनियम १९४३ साली केरळमध्ये अलुपुरम इथे तयार झालं, पल्लिवासलच्या जलविद्युत केंद्रातल्या विजेवर. मग १९५९ मध्ये ओडिशातल्या हिराकुडला, धरणाच्या आसऱ्यानं. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशात रेणुकूटला, रिहंद धरणाजवळ. सुरुवातीचे कारखाने पाण्याच्या जवळ आले. पुढे विजेची भूक धरणांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि कोरबा, अंगुल, झारसुगुडा इथे कारखाने कोळशाच्या खाणींजवळ, स्वतःच्या औष्णिक केंद्रांसह उभे राहिले. नॉर्वे, आइसलंड, क्युबेक इथलं ॲल्युमिनियम पाण्याच्या विजेवर होतं. धातू तोच, पॉट तोच, पण टनामागचे वायू आपल्यापेक्षा काही पटींनी कमी.

मग सौर वीज लावा, असं कुणीही म्हणेल. अडचण अशी, की पॉट रात्री बंद ठेवता येत नाही. चार-पाच तास वीज गेली, की क्षार आणि धातू दोन्ही गोठतात. मग तो दगडासारखा गोळा फोडून काढावा लागतो, अस्तर बदलावं लागतं आणि पुन्हा सुरू व्हायला महिने जातात. म्हणूनच पॉटरूम सांभाळणाऱ्यांना वीज जाण्याची जेवढी धास्ती असते तेवढी दुसऱ्या कशाची नसते. पण जर्मनीतल्या एसेनमध्ये एका कारखान्यानं पॉटच्या बाजूंना हवा खेळवणारे उष्णता-विनिमयक बसवले. वीज कमी घ्यायची असेल तेव्हा पॉटची ऊब कोंडून ठेवायची, जास्त घ्यायची असेल तेव्हा बाहेर सोडायची. ऊन-वाऱ्याप्रमाणे भार साधारण पाव हिस्सा खाली-वर करता येईल, या हिशेबानं ही योजना आखली. याला जोड म्हणून दिवसा पाणी वर चढवून रात्री वीज काढणारे उदंचन प्रकल्प उभे राहिले, तर चोवीस तासांची गोष्ट हाताबाहेरची राहत नाही.

कार्बनचा ॲनोडच नको, न झिजणारा ॲनोड वापरून ऑक्सिजन बाहेर सोडायचा, असे प्रयोग क्युबेकमध्ये २०१८ पासून मोठ्या गाजावाजानं चालू आहेत. प्रयोग चांगला आहे, व्हायलाच हवा. मात्र कार्बन जळताना विजेला जो हातभार लावतो तो यात नाहीसा होतो, म्हणून मुळात सुमारे एक व्होल्ट जास्त लागतो. ती वाढीव वीज कोळशाची असेल, तर ॲनोडमध्ये वाचलेलं बॉयलरमध्ये जाण्याची भीती आहे. आधी वीज बदला, मग ॲनोड, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपनं २०२६ पासून आयात मालावर लावलेल्या कार्बन शुल्कातही सध्या ॲल्युमिनियमसाठी पॉटमधले वायू मोजले जातात, विजेपायी झालेले नाहीत. म्हणजे सगळ्यात मोठा आकडाच हिशेबाबाहेर राहतो. नवा कारखाना येतो तेव्हा रोजगार आणि गुंतवणूक छापून येते. त्याच बातमीत त्याची वीज कुठून येणार हेही छापलं पाहिजे, कारण एकदा औष्णिक केंद्र बांधलं की ते पुढची तीस-चाळीस वर्षं चालतं.

दुसरा मार्ग आपल्या गल्लीतून जातो. जुनं ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याच्या मानानं साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते. चेपलेलं जर्मलचं पातेलं, फुटका कुकर, मोडलेली खिडकी यांत विजेचा मोठा खर्च आधीच होऊन गेलेला आहे. भारत भंगार मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो, आणि इथलं भंगार बऱ्याचदा एकाच ढिगात जातं. खिडकीच्या चौकटीत सिलिकॉन अगदी थोडं असतं, गाडीच्या इंजिनाच्या ओतीव भागांत भरपूर. दोन्ही एकत्र वितळली, की त्यातून पुन्हा चौकट होत नाही, ओतीव मालच होतो. नागपूरला वाडी इथे १९८९ पासून ॲल्युमिनियमची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिचं ज्ञान भंगाराच्या दुकानापर्यंत पोहोचायला हवं. चौकटी, भांडी, ओतीव माल असे वेगळे ढीग करणाऱ्या भंगारवाल्याला वेगळा, चढा भाव मिळाला, तर तो ते काम उद्यापासून करील. हा भाव माल घेणाऱ्या कारखान्यांनीच द्यायचा आहे, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या यंत्राची वाट पाहायची गरज नाही.