थंड द्राक्ष, स्वच्छ टाकी


आज जाऊ या नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या वायनरीत.

जानेवारी ते मार्च,
हा इथला मुख्य खुडणीचा हंगाम.
माणसं पहाटेच बागेत उतरतात.
कारण द्राक्ष थंड असतानाच खुडायचं असतं.
तापलेलं द्राक्ष लवकर आंबू लागतं.
त्याचा सुगंधही उडतो.

क्रेट वायनरीत येतात.
खराब मणी निवडून टाकतात.
यंत्र देठ वेगळे करतं.

लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात.
रंग सालींतूनच उतरतो.
यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं.
तेव्हा साली वर तरंगतात.
त्या रोज रसात दाबाव्या लागतात.

मग टाक्या धुवायच्या,
नळ्या धुवायच्या.
अस्वच्छतेनं वाइन बिघडते.

म्हणून मंडळी, पुन्हा सांगते:
द्राक्ष थंड हवं,
टाकी स्वच्छ हवी.
हे सांभाळणाऱ्या हातांचा मान आपण राखू या.