गाणे तेच, गाणारी वेगळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

आपल्या अभ्यासवर्गाची सुरुवात गाण्याने होते आणि समारोपही गाण्यानेच होतो. म्हणून आज एका गाण्याविषयीच बोलतो. गाणे अमेरिकेतले आहे. नाव ‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान.

ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय गायकाने ते १९६५ साली रचले आणि गायिले. कमाई घेऊन घरी परतणारा पुरुष त्यात आपल्या स्त्रीला विनवतो : सारे तुझ्या हवाली करतो, माझ्यामागे कशीही वाग, पण घरी आल्यावर मला मान दे. बाहेर ज्याला मान नाही, तो घरात मान शोधतो. हे दुःख खोटे नाही. मात्र त्याची भरपाई स्त्रीने करावयाची आहे!

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये चोवीस वर्षांच्या अरेथा फ्रँकलिनने तेच गाणे ध्वनिमुद्रित केले. शब्द बरेचसे तेच; पण आता बोलणारी बाई होती आणि तिच्याजवळ स्वतःचा पैसा होता. मी तुला फसवणार नाही, पण मला मान हवा, असे ती बजावते. शीर्षकाचे एकेक अक्षर ती सुटे उच्चारते. जणू न शिकलेल्याकडून धुळाक्षरे गिरवून घ्यावीत. मागून तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, साथ देतात. एकट्याची विनवणी होती, तिची अनेकींची मागणी झाली.

जूनमध्ये हे गाणे अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिले होते. जुलैत अरेथाच्या डेट्रॉइट शहरात उद्रेक झाला. ४३ माणसे मेली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ सालीच झाला होता. कायद्याने हक्क लिहून मिळतात, मान मिळत नाही, हे कृष्णवर्णीय जनता अनुभवत होती. तिने आणि स्त्रियांनीही हे गाणे आपले मानले. घरातला तंटा चव्हाट्यावरचा प्रश्न झाला.

तथापि कथा येथे संपत नाही. अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले की मोबदला रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळे, गाणाऱ्याला नाही. २०१८ साली अरेथा वारली, तोवर तिचा हा आवाज तेथील केंद्रांवरून अगणित वेळा ऐकवला गेला. त्या वाजण्याचा पैसा तिला मिळाला नाही. मानाचे गाणे जिने जगाला दिले, तिला त्याचा हा दाम नाकारला गेला.

साथींनो, आपण पुष्कळदा दुसऱ्यांच्या वतीने घोषणा देतो. भावना प्रामाणिक असते. पण ज्याचे दुःख त्याच्या तोंडी तीच घोषणा गेली की तिचा अर्थ पालटतो. म्हणून ध्वनिक्षेपक त्याच्या हाती द्यावा. आणि टाळ्या थांबल्यावर त्याच्या दामाचे काय झाले, हेही विचारावे. मान आणि दाम या दोन लढाया आहेत. एक जिंकल्याने दुसरी आपोआप जिंकली जात नाही.