एकावन्न दिवसांचा वेढा



धर्मपंथ आणि राजसत्ता यांची झुंज हा विषय आपणांस अपरिचित नाहीं. हरियाणांतील बरवाला येथें २०१४ सालच्या नोव्हेंबरांत रामपाल याच्या आश्रमाभोंवतीं पोलिसांचा वेढा पडला, आणि २०१६ सालच्या जूनमध्यें मथुरेच्या जवाहर बागेंत जें घडलें तेंही आपण वर्तमानपत्रांतून वाचलें आहे. परंतु आज मी ज्या वेढ्याविषयीं बोलणार आहें तो दूरचा, अमेरिकेंतील टेक्सास राज्यांतल्या वेको या शहराजवळचा आहे. तो घडला १९९३ सालीं. ही दूरची गोष्ट निवडण्याचें कारण इतकेंच कीं, तिच्यांत रेडिओवरील भाषणांचा दोनदां संबंध आला. आणि ज्या ठिकाणीं रणगाड्यांचें कांहीं चाललें नाहीं तेथें बोलण्यानें मार्ग निघण्याची आशा त्या दोन्ही वेळां उत्पन्न झाली होती.

पुण्याचें स्पायसर कॉलेज आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. तें ज्या ख्रिस्ती पंथाचें, त्या ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवार हा विश्रामवार पाळतात आणि ख्रिस्ताचें पुनरागमन जवळ आलें आहे असें मानतात. शांत, शाळा आणि इस्पितळें चालविणारी ही मंडळी. त्यांच्यापासून व्हिक्टर हाउटेफ नांवाचा एक बल्गेरियन गृहस्थ १९३० च्या सुमारास फुटून निघाला व १९३५ सालीं त्यानें वेकोजवळ वसाहत केली. तिला त्यानें बायबलांतील पर्वताचें 'माउंट कार्मेल' हें नांव दिलें. त्या शाखेला पुढें आणखी एक शाखा फुटली. तीच ब्रँच डेव्हिडियन. पंथांना फांट्यावर फांटे कसे फुटतात हें महाराष्ट्रांतल्या माणसाला सांगावयास नको.

१९८१ सालीं या वसाहतींत व्हर्नन हॉवेल हा बावीस वर्षांचा तरुण आला. शाळा अर्धवट सोडलेला, परंतु बायबलाचीं पानेंच्या पानें मुखोद्गत असलेला. १९९० सालीं त्यानें कायदेशीरपणें नांव बदलून डेव्हिड कोरेश असें घेतलें. डेव्हिड म्हणजे दावीद राजा. कोरेश म्हणजे यहुदी लोकांना बाबेलच्या बंदिवासांतून सोडविणारा इराणचा बादशहा. मराठी बायबलांत हें नांव असेंच छापलेलें आढळतें. बायबलाच्या शेवटीं 'प्रकटीकरण' नांवाचें पुस्तक आहे. त्यांत सात शिक्के मारून बंद केलेल्या एका ग्रंथाचें वर्णन येतें. ते शिक्के उघडण्याचा, म्हणजे त्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, असें कोरेश म्हणे. ज्ञानेश्वरीच्या एकेका ओवीवर आठ आठ दिवस निरूपण करणारे आपण ऐकलेले आहेत. कोरेशचें निरूपण तसेंच तासन् तास चाले, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियापासून आलेले स्त्रीपुरुष तें ऐकत बसत.

एवढ्यावरून तो साधुपुरुष होता असें कोणीं समजूं नये. अनुयायी पुरुषांना त्यानें ब्रह्मचर्य सांगितलें आणि त्यांच्या बायका आपल्याकडे घेतल्या. अल्पवयी मुलींनाही त्यानें पत्नी करून घेतलें होतें. बंदुकांचा त्यानें मोठा सांठा केला होता. ज्या बंदुकीचा घोडा एकदां दाबला कीं गोळ्या सुटत राहतात, तशा बंदुका तेथें बेकायदा बनविल्या जातात, असा सरकारला संशय होता. आणि तो खरा ठरला. सरकारनें लक्ष घातलें यांत कांहीं गैर नव्हतें. लक्ष कसें घातलें हा प्रश्न आहे.

याच कोरेशला पूर्वीं एकदां पकडलेलें होतें. १९८७ सालीं पंथाच्या गादीवरून तंटा होऊन गोळीबार झाला. त्या वेळीं तेथल्या शेरीफच्या माणसांनीं कोरेश व त्याच्या सात साथीदारांना अटक केली. खटला रीतसर चालला. सात जण निर्दोष सुटले आणि कोरेशविषयीं ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. म्हणजे हा मनुष्य न्यायालयाच्या दारीं जात होता.

२८ फेब्रुवारी १९९३, रविवार. दारू, तंबाखू व बंदुका यांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे सत्तरांहून अधिक सशस्त्र अधिकारी गुरें वाहण्याच्या गाड्यांत लपून माउंट कार्मेलवर आले. सारा बेत अचानकपणावर रचलेला होता आणि तो अचानकपणा सकाळींच गेला होता. वृत्तचित्र घेण्यास निघालेल्या एका छायाचित्रकारानें वाटेंत एका टपालवाल्याला पत्ता विचारला. तो टपालवाला नेमका कोरेशचा मेव्हणा! घरांत पेरलेल्या गुप्त अधिकाऱ्यानें बाहेर येऊन 'त्यांना कळलें आहे' असें वरिष्ठांस सांगितलें, तरीही गाड्या निघाल्याच. पहिली गोळी कोणीं झाडली याविषयीं दोन्ही पक्ष आजतागायत परस्परांकडे बोट दाखवितात. त्या दिवशीं चार अधिकारी आणि पंथाचे सहा जण मेले.

दुसऱ्या दिवशीं एफ. बी. आय. नें सूत्रें हातीं घेतलीं व वेढा सुरू झाला. येथें रेडिओचा पहिला प्रसंग येतो. आपलें प्रवचन रेडिओवरून सर्वांना ऐकवाल तर आम्ही बाहेर येऊं, असें कोरेशनें कळविलें. २ मार्च रोजीं त्याचें सुमारें तासाभराचें मुद्रित भाषण प्रक्षेपित झालें. बाहेर वाहनें सज्ज होती. आणि मग, 'देवानें थांबावयास सांगितलें' असा निरोप आला. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें तो त्याच घटकेला लबाड ठरला. तो लबाड नव्हताच असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या हिशेबीं वेळ घड्याळावर चालत नसून ग्रंथांतल्या वचनावर चालते, त्याच्याशीं मुदतीचा करार करणाऱ्यानें हें आधींच ध्यानीं घ्यावयास हवें होतें.

तरीही बोलणें चालू राहिलें आणि माणसें येत राहिलीं. एकंदर ३५ जण बाहेर आले. त्यांत २१ मुलें होतीं. बोलणारे अधिकारी निराळे आणि रणगाडे हांकणारे निराळे, आणि या दोहोंचा एकमेकांशीं मेळ नव्हता. १२ मार्चला दोघे जण बाहेर आले, आणि त्याच रात्रीं घराची वीज कायमची तोडण्यांत आली. २१ मार्चला सात जण आले. त्या रात्रीं मोठमोठ्या कर्ण्यांतून तिबेटी मंत्रांचा घोष सुरू झाला. पुढें मारल्या जाणाऱ्या सशांच्या किंकाळ्याही रात्रभर ऐकविण्यांत आल्या. आमच्या माजिवड्याला घोडबंदरचा आणि नाशिकचा असे दोन्ही रस्ते मिळत असल्यानें रात्रींचा आवाज म्हणजे काय हें आम्ही जाणतों. पण तो कोणीं आमची झोंप मोडावी म्हणून करीत नाहीं. मुलानें एक गोष्ट ऐकली आणि त्याच संध्याकाळीं त्याला छडी बसली, तर दुसरी गोष्ट तो ऐकणार नाहीं, हें प्राथमिक शाळेंतला शिक्षकही सांगेल. वाटाघाटी करणाऱ्यांचा प्रमुख गॅरी नोझनर यानें हेंच वरिष्ठांस सांगितलें होतें. त्यानंतर माणसें बाहेर येणें जवळजवळ बंद पडलें.

दूरध्वनीवर कोरेश शिक्क्यांविषयीं बोलूं लागला कीं अधिकारी कंटाळत. 'बायबलची बडबड' असें त्या बोलण्याला त्यांच्यांत नांव पडलें होतें. मला या प्रकरणांत सर्वांत दुःखद वाटतें तें हें. आंतला मनुष्य आपण बाहेर कां येत नाहीं याचें कारण रोज सांगत होता, आणि तें समजेल असा कोणी दूरध्वनीपाशीं बसलेला नव्हता.

असे दोन गृहस्थ मात्र होते. जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड हे बायबलाचे अभ्यासक. त्यांनीं १ एप्रिल रोजीं डॅलसच्या एका रेडिओ केंद्रावरून प्रकटीकरणाच्या पुस्तकावर चर्चा केली. ती सर्व श्रोत्यांसाठीं होती, पण खरा श्रोता एकच होता, हें त्या दोघांनाही ठाऊक होतें. कोरेशची त्यांनीं थट्टा केली नाहीं, त्याच्या मताला मानही तुकविली नाहीं. त्याच्याच ग्रंथांतून, अंत इतक्यांत यावा असें बंधन नाहीं, आणखी कांहीं काळ थांबावें असेंही तेथें लिहिलें आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. १४ एप्रिलला कोरेशचें पत्र आलें: सात शिक्क्यांचा अर्थ मी लिहून काढतों, तें लिखाण या दोन अभ्यासकांच्या हातीं पडलें कीं मी बाहेर येईन.

अधिकाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटला. त्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. एकदां शब्द मोडलेला मनुष्य. आंत मुलें, घाण वाढत चाललेली, शिपाई थकलेले. न्यायखात्याच्या प्रमुख जॅनेट रेनो यांना त्या पदावर येऊन सव्वा महिनाच झाला होता. त्यांनीं १७ एप्रिलला धूर सोडण्यास संमति दिली. १९ एप्रिलच्या सकाळीं सहाच्या सुमारास रणगाड्यांनीं भिंती फोडून डोळे जाळणारा वायु आंत सोडण्यास आरंभ केला. तो दोन दिवसांत थोडा थोडा सोडण्याचा बेत होता. आंतून गोळ्या सुटतांच तो बेत कांहीं तासांत उरकण्यांत आला. मोठ्यांना वायुरोधक मुखवटे होते; मुलांच्या तोंडाला बसतील असे नव्हते. दुपारीं बारानंतर इमारतीला निरनिराळ्या ठिकाणीं एकदम आग लागली. वारा जोराचा होता आणि आगीचे बंब जवळ आणून ठेवलेले नव्हते. सुमारें ७६ माणसें मेलीं, त्यांत वीसांहून अधिक मुलें होतीं. नऊ जण वांचले. आग आंतल्याच लोकांनीं लावली असा निर्णय जॉन डॅनफोर्थ यांच्या चौकशीनें २००० सालीं दिला आणि तो मला पटतो. घरांत लपविलेल्या ध्वनिग्राहकांवर इंधन ओतण्याचें बोलणें उमटलेलें आहे. त्या मुलांचें रक्त प्रथम कोरेशच्या माथीं आहे. पण जो मनुष्य अंतकाळाची वाट पाहत बसला आहे त्याच्या दारावर रणगाडा नेला म्हणजे तो काय करील, हा अंदाज बांधणें सरकारचें काम होतें.

वांचलेल्या एका स्त्रीनें संगणकाची एक चकती बरोबर आणली होती. तिच्यावर पहिल्या शिक्क्याचें निरूपण पूर्ण लिहिलेलें होतें. म्हणजे तें लिखाण खरोखर चालू होतें. सात पुरीं झाल्यावर तो बाहेर आला असता कीं नाहीं, हें कोणास सांगतां येणार नाहीं. त्याला आणखी दोन-तीन आठवडे द्यावयास हवे होते असें माझें मत आहे.

केवळ थांबण्यानेंच सारें साधतें असेंही नाहीं. जवाहर बागेंत दोन दिवसांची परवानगी घेऊन बसलेले लोक दोन वर्षें हलले नाहींत. शेवटीं निघालेल्या चकमकींत दोन पोलीस अधिकारी व वीसांहून अधिक माणसें गेलीं. तेथें वेळ गेला तो नुसताच गेला.  बरवाल्याला बायका-मुलें दारापुढें बसवून रामपाल आंत राहिला, आणि पांच स्त्रिया व एक मूल मरण पावलें.

वेकोच्या आगीला दोन वर्षें झालीं त्याच तारखेस, १९ एप्रिल १९९५ रोजीं, तिचा सूड म्हणून ओक्लाहोमा शहरांतील सरकारी इमारत उडविण्यांत आली. १६८ माणसें मेलीं. त्यानंतरच्या वर्षीं मोंटाना राज्यांत 'फ्रीमेन' म्हणविणारे सशस्त्र लोक एका शेतवाडींत सरकारला न जुमानतां बसले. बायबल त्यांच्याही तोंडीं होतें. या वेळीं एफ. बी. आय. नें रणगाडे दृष्टीस पडूं दिले नाहींत, बाहेरच्या मध्यस्थांना आंत जाऊं दिलें, आणि ८१ दिवस वाट पाहिली. १३ जून १९९६ रोजीं उरलेले सर्व जण बाहेर आले. एकही गोळी सुटली नाहीं.