ऐकणारे यंत्र आणि घरची मराठी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कोपर्निकस मार्गावरील सभेत केलेले भाषण)



या कोपर्निकस मार्गाशी दिल्लीकर मराठी माणसाचे नाते जुने आहे. येथल्या महाराष्ट्र सदनात उतरलेल्यांच्या बोलण्यातून कधी वऱ्हाड, कधी कोकण आपल्या कानांवर पडे. घरी आकाशवाणी होती. दिल्लीहून प्रसारित होणाऱ्या मराठी बातमीपत्राने आपल्याला प्रमाण उच्चाराची गोडी लावली. वऱ्हाडीला तेथे जागा नव्हती, हे खरे. पण आपण घरात कसे बोलावे, यात आकाशवाणीने ढवळाढवळ केली नाही. ती बोले, आपण ऐकत असू.

आता यंत्र ऐकू लागले आहे. आणि ऐकणाऱ्याच्या कलाने बोलावे लागते! माझी पत्नी बहिणीला निरोप पाठवीत होती. ती म्हणाली, “कठीण काळ होता.” भ्रमणध्वनीने लिहिले, ‘कठीण काल होता’. शेजारी बसलेला नातू म्हणाला, “आजी, हिंदीत बोल ना, लगेच समजतं त्याला.” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, म्हणूनच ते मला लागले.

अशा यंत्राला कोणी व्याकरण शिकवीत नाही. ध्वनिमुद्रित बोलणे आणि त्याचा लिखित पाठ यांच्या प्रचंड साठ्यावरून ते शिकते. ज्यांचे बोलणे साठ्यात नाही, त्यांचे त्याला नीट उमगत नाही. लिपीही पुरी पडत नाही : ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा; लेखन एक, पण ‘ज’ निराळा. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ८ कोटी ३० लाख मराठी भाषकांचा आकडा येथे कामास येत नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘भाषादान’ योजनेत आपणही आवाज देऊ शकतो. स्तुत्यच आहे, परंतु तेथे समोरचे वाक्य वाचावयाचे असते, आणि छापील वाक्य वाचताना नागपूरकरही पुणेकर होतो! मद्रासच्या आय.आय.टी.तील ‘एआय फॉर भारत’ने २०२४ मध्ये पुढे आणलेल्या २२ भाषांच्या संग्रहात उत्स्फूर्त बोलणे आणि संभाषणेही आहेत. मला तो मार्ग अधिक मोलाचा वाटतो.

माझी सूचना एवढीच, की मंडळाने आपल्या ज्येष्ठांचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. त्यात मिसळलेल्या हिंदीसकट, मध्येच न सुधारता. आरंभ आमच्या घरापासून करावा. ‘कठीण काळ’ पुन्हा सांगावयास पत्नीने होकार दिला आहे.