भरतीची वेळ पाहून निघा

आपण कोल्हापूरकर आंबा घाट उतरलो की समुद्राचे वेध लागतात. भाट्याच्या सुरूबनाजवळची पुळण, आरे-वारेच्या रस्त्यावरून दिसणारे किनारे आणि मग गणपतीपुळे. परतल्यावर गप्पा रंगतात त्या माशांच्या आणि सूर्यास्ताच्या. पाणी तेव्हा चढत होते की उतरत होते, हे क्वचितच कोणी सांगतो.

पंचगंगेत पोहायला शिकलेल्याला पाण्याची भीती नसते. पण नदी एकाच दिशेने वाहते. समुद्र दिवसातून साधारण दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. गणपतीपुळ्यात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. संकष्टीला दर्शनाची गर्दी असते. चाराची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी ३ च्या सुमारास भरती, सकाळी ९ च्या सुमारास ओहोटी. चालायला ती सकाळ उत्तम, कारण ओली पुळण घट्ट असते, पाय रुतत नाहीत. जेवण उरकून लोक पाण्यात उतरतात, तेव्हा मात्र ओसरणारे पाणी आत ओढू लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हा जोर अधिक.

हा अंदाज वेळेचा आहे, अभयाचा नव्हे. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे. पावसाळ्यात लाटा दुरूनच पाहाव्यात. तिथी तर घरच्या दिनदर्शिकेतच छापलेली असते. मुहूर्त पाहतो, तशी भरतीही पाहून निघू या.