मान खाली घालून खेळ शिकता येत नाही
(शिक्षिका व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकते आहे : 'मुली पाठांतरात पुढे, पण डोकं चालवायची वेळ आली की मुलगेच.' खेळाच्या तासाला तेच जरा वेगळ्या शब्दांत येतं : 'मुलींना खेळाची समज नसते.' ही समज येते कुठून, याबद्दल आज बोलायचं आहे.

1973 साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातला बुद्धिबळाचा पट फक्त 5 सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगायचं. कसलेल्या खेळाडूने 16च्या आसपास सोंगट्या बरोबर मांडल्या, नवशिक्याने चारेक. मग सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या. तेव्हा कसलेला खेळाडूही नवशिक्यासारखाच अडखळला! म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. असंख्य डाव बघून, खेळून त्याची नजर तयार झाली होती. सुटी सोंगटी तो पाहतच नव्हता. राजा आणि त्याच्यापुढची प्यादी त्याला एकत्र दिसत होती.

आपल्याला हे नवं नाही. तव्यावरच्या भाकरीकडे एक नजर टाकली की ती कधी उलटायची हे आपल्याला कळतं. तीही बघून, करून आलेली समज. तिला कुणी बुद्धी म्हणत नाही, एवढंच.

आता मैदानाकडे बघा. कट्ट्यावर आपल्या नंबराची वाट बघणारा मुलगा तासभर खेळ न्याहाळतो. कोण चेंडू कसा टाकतो, फलंदाजाचा पाय कुठे पडतो. खेळत नसतानाही तो शिकत असतो. त्याची बहीण त्याच रस्त्याने दळण घेऊन जाते. तिला घरून बजावलेलं असतं : 'इकडेतिकडे बघू नकोस. मान खाली घालून सरळ घरी ये.' आधी नजर खाली ठेवायला शिकवायचं, आणि मग म्हणायचं, हिला समज नाही!

संधी मिळाली तर काय होतं? मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तिघी बहिणी बुद्धिबळात राष्ट्रीय विजेत्या झाल्या. 1976 साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा वाद उठला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. तगड्या खेळाडूसमोर बसायला मिळणं, हाही शिक्षणाचाच हक्क आहे. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला.

म्हणून गटांना एक सुचवते. मुलींसाठी आपण खेळाचं सामान मागतोच. त्याबरोबर बघायचा वेळही मागू या. संध्याकाळचा एक तास, हातात काम नाही, पाठीवर धाकटं भावंड नाही, मैदानाच्या कडेला निवांत बसायचं. नंतर तिला विचारा, 'आज काय दिसलं?' सांगता सांगता पाहिलेलं पक्कं होतं.

घरचे म्हणतील, 'नुसती बसून काय करते?' त्यांना सांगा, शिकते आहे.